उत्तर: उत्तर: युवा निधी, सईचा सॉफ्टबॉल (मंगळवारपर्यंत हवंय)

प्रेषक: नितीन

मंडळी, काल रात्री कळलं, सईच्या टीमला नॅशनल्सचा बर्थ, म्हणजे तिथे खेळायची जागा, मिळाला. जुलैअखेर, कॅलिफोर्नियात हंटिंग्टन बीच. होकार आणि फी मंगळवारपर्यंत द्यायची, नाहीतर बर्थ पुढच्या टीमला जातो. युवा निधीचे २५० डॉलर मिळतील का, एवढंच शिरीषने सांगावं. शिवाय मंडळाचे दोन्ही तंबू त्या आठवड्यात लागतील. मैदानावर सावली म्हणून नसते.

प्रेषक: शिरीष

नितीन, सईचं अभिनंदन. पण मंडळाच्या घटनेत निधीसाठी शब्द आहेत 'राष्ट्रीय पातळीवर निवड'. रविवारी तूच ग्रुपवर टाकलं होतंस, "तिसरे आलो, थोडक्यात हुकलं". रविवारी हुकलेलं बुधवारी कसं मिळालं? खोचक विचारत नाहीये. हिशेब तपासायला सुभाषकाका बसतात, त्यांना उत्तर मला द्यावं लागतं. २०२३ च्या सतरंज्यांचं अजून देतोय.

प्रेषक: नितीन

क्वालिफायरला, म्हणजे पात्रता स्पर्धेला, २२ टीम, बर्थ दोन. पहिली आली ती टीम एप्रिलमध्येच दुसऱ्या क्वालिफायरमधून बर्थ घेऊन बसलेली. एका टीमला दोन बर्थ घेऊन काय लोणचं घालायचंय? मग तो खाली सरकतो, म्हणजे दुसरी आणि तिसरी टीम. कितव्या नंबरापर्यंत सरकेल हे पत्रकात आधीच छापलेलं होतं. कुणाची मेहेरबानी नाही. वर कोणाकडे आधीचा बर्थ आहे, हे आमच्या कोचला ठाऊक नव्हतं, म्हणून मी "हुकलं" लिहिलं.

आणि तो तिसऱ्या नंबरचा सामना ४-३ ने काढलाय, टायब्रेकरमध्ये. सेकंड बेसला रनर ठेवूनच इनिंग सुरू करतात तसला. दोन आउट, सई कॅचर, शेवटच्या बॅटरचा तिसरा स्ट्राइक तिच्या ग्लोव्हमधून निसटला (मग बॅटर फर्स्ट बेसला पळू शकते), चेंडू मागच्या जाळीला. पोरीने मास्क भिरकावला, मातीत घसरत चेंडू उचलला आणि गुडघ्यावरूनच फर्स्टला फेकला. पाऊलभर फरकाने आउट. सुभाषकाकांना व्हिडिओ पाठवू का?

प्रेषक: अविनाशकाका

म्हणजे आरएसी कन्फर्म झालं म्हणा की! १९९१ साली महालक्ष्मीला आमचं असंच. दादरला वेटिंग, कल्याणला आरएसी, पुण्याला बर्थ. कोल्हापूर येईपर्यंत डाराडूर. शिरीष, देऊन टाक पैसे.

प्रेषक: मंजूषा

मी जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळलेय, त्यामुळे बोलते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. राज्यातून संघ निवडायचे आणि तो संघ राष्ट्रीयला. ग्लोव्ह एवढे कमी, की इनिंग बदलली की हातातला काढून समोरच्या टीमच्या पोरीला द्यायचा, तिच्या घामासकट परत घ्यायचा. पण 'राष्ट्रीय' म्हटलं की एकच. इथे मी तीन वर्षांत चार वेगवेगळ्या मुलींच्या 'नॅशनल्स'साठी लाडू वळलेत. नक्की किती आहेत?

प्रेषक: दीपा

मंजूताई, भरपूर आहेत. यूएसए सॉफ्टबॉलचं वेगळं (हीच जुनी एएसए, २०१७ पासून नाव बदललं), यू-ट्रिपल-एस-एचं वेगळं, सई जातेय ते पीजीएफचं वेगळं. प्रत्येक संघटनेचे आपापले क्वालिफायर. तुझ्यासारखी शिडी पाहायची तर लिटल लीग. मुलगी त्या लीगच्या हद्दीत राहणारी किंवा तिथल्या शाळेतली हवी. आधी डिस्ट्रिक्ट, मग स्टेट, मग रीजन, आणि तिथून नॉर्थ कॅरोलिनात ग्रीनव्हिलला वर्ल्ड सिरीज. तिथे वरच्या टीमकडे आधीचा बर्थ असण्याचा प्रश्नच येत नाही. सईच्या टीमसारख्या क्लबचं तसं नाही. टीम कुठलाही क्वालिफायर गाठू शकते, एक हुकला तर दुसरा. नितीनच्या गाडीचे मैल विचारा.

प्रेषक: शिरीष

यातली सरकारमान्य कुठली?

प्रेषक: दीपा

देशाचा संघ निवडते ती यूएसए सॉफ्टबॉल. पण हंटिंग्टन बीचला देशभरातून टीम येतात. त्याला 'राष्ट्रीय' नाही तर काय जिल्हास्तरीय म्हणायचं?

प्रेषक: किरण

शिवाय तिथे कॉलेजचे कोच बघायला येतात.

प्रेषक: दीपा

किरण, सई १२यू (वय बारापर्यंत) गटात आहे. गेल्या वर्षीपर्यंत ११ इंची चेंडूने ३५ फुटांवरून येणाऱ्या पिचिंगवर खेळत होती, आत्ता कुठे १२ इंची आणि ४० फूट. ज्युनियर वर्षाचा, म्हणजे अकरावीचा, १ सप्टेंबर उजाडेपर्यंत एनसीएएच्या (कॉलेजच्या खेळांची संघटना) नियमाने डिव्हिजन वनचे, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांचे, कोच भरतीचं चकार शब्द बोलू शकत नाहीत. आत्तापासून नको ते घुसवू नका पोरींच्या डोक्यात.

प्रेषक: अद्वैत

घटनेचंच काढायचं तर २०१९ मध्ये स्पेलिंग बीला निधी दिला होता. तेव्हा काउंटीची फेरी जिंकून नव्हे, आरएसव्हीबी म्हणून जो अर्ज-आणि-फीचा मार्ग होता, त्यातून वॉशिंग्टनजवळ राष्ट्रीय स्पर्धेला गेले होते. तेव्हा 'निवड' कुणी मोजली नाही.

प्रेषक: स्मिता

अद्वैत, नाव न घेता बोललास तरी सगळ्यांना कळलं. अर्ज भरला, बोलावणं आलं, मग फी भरली. पोरगा दोन वर्षं रोज शब्द घोकत होता. आणि २०१८ चा विजेता त्याच मार्गाने आलेला, काउंटीत हरून. फुकट मिळालं असं कुणाला वाटत असेल तर त्याने 'स्मारगास्बोर्ड'चं स्पेलिंग लिहून दाखवावं.

प्रेषक: अविनाशकाका

देवनागरीत चालेल का?

प्रेषक: प्रमोद

तंबूंचं कुणीच बोलत नाहीये. सामान समिती अजून आहे, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडेच आहे. दोनपैकी एका तंबूचा पाय कोजागिरीपासून वाकडा आहे, कुणी वाकवला ते मी लिहीत नाही. आणि शेवटच्या शनिवारी पार्कमध्ये लेझीमची तालीम आहे. सई पहिल्या ओळीत आहे ना? तिच्या जागी कोण?

प्रेषक: नितीन

प्रमोददादा, चांगला तंबू तालमीला ठेवा, वाकडा मला द्या, पाय मी ठोकून घेतो. सई डगआउटमध्ये रोज अर्धा तास लेझीम करेल म्हणतेय, तिची पिचर आत्ताच एक मागतेय. हॉटेलचा घोळ वेगळाच. तिथे जवळच अर्व्हाइनला आत्या आहे, पण स्पर्धेच्या यादीतल्याच हॉटेलात राहायचं अशी अट आहे. म्हणून २५० ला एवढा चिकटलोय.

प्रेषक: शिरीष

कार्यकारिणीतल्या पाचपैकी चार जणांचे होकार आले, सुभाषकाका फोन उचलत नाहीत. निधी मंजूर. बर्थ सरकण्याचा नियम आहे ते पत्रक मला पाठव, फाइलला लावतो. बिलावर टीमचं नाव हवं, तुझं नको. गेल्या खेपेला चेक कोचच्या बायकोच्या नावाने काढायला लावला होता, त्यावर अजून लाल पेन्सिलीची खूण आहे.

प्रेषक: मंजूषा

लाडू किती मुलींना करायचे? आणि कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, ते आधी विचार.

प्रेषक: नितीन

बारा मुली. एकीला आहे. रव्याचे कर. प्रमोददादा, किल्ली शुक्रवारी सात वाजता?

प्रेषक: प्रमोद

साडेसात. आणि दोऱ्या मोजून परत हव्यात, आठ आहेत.