सुपरयॉटांची शर्यत किनाऱ्यावरून पाहण्यात अर्थ आहे का?

खाडीकाठ
कॅरिबियन समुद्रातल्या सेंट बार्ट्स या चिमुकल्या फ्रेंच बेटाभोवती दर मार्चमध्ये ‘सेंट बार्ट्स बकेट’ ही शिडाच्या महाकाय नौकांची शर्यत होते. ती पाहण्याची उत्तम जागा नौकेवर नसून गुस्ताव्हिया बंदरावरच्या फोर्ट गुस्ताव्हच्या टेकडीवर आहे, असे माझे ठाम मत आहे. एरवी हँडिकॅपच्या, म्हणजे मंद नौकांना वेळेची सूट देणाऱ्या शर्यतीत सगळ्या नौका एकत्र सुटतात आणि विजेता कोण, हे नंतर वेळेचा हिशोब मांडल्यावरच कळते. येथे मात्र तो हिशोब आधीच झालेला असतो: मंद नौका प्रथम आणि सर्वांत वेगवान नौका शेवटी, प्रत्येकीला तिच्या मानांकनानुसार, म्हणजे अपेक्षित वेगाच्या आकड्यानुसार, ठरवलेल्या वेळी सोडतात. त्यामुळे दंडाचा प्रश्न उद्भवला नाही, तर अंतिम रेषा आधी ओलांडणारी नौकाच जिंकते, आणि शिडांतले काही न कळणाऱ्यालाही पाठलाग समजतो.

कोरडा किनारा
रचना सुरेख आहे, पण तिचा किती भाग दिसतो? व्यापारी वारे पूर्वेकडून येतात आणि गुस्ताव्हिया पश्चिमेला, बेटाच्या आडोशाला आहे. वाऱ्याविरुद्ध नागमोडी जाताना कोणी कोणाला गाठले, हे बरेचसे डोंगरापलीकडे ठरते. टेकडीवरच्या प्रेक्षकाच्या वाट्याला आरंभ आणि शेवट येतो. त्यातच या नौकांनी एकमेकींपासून ४० मीटर अंतर राखावे असा नियम असल्याने चुरस कमी आणि मिरवणूक अधिक वाटते. श्रीमंतांच्या मिरवणुकीला उन्हात उभे राहून गर्दी पुरवण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

पश्चिमवारा
अंतराचा नियम भित्रेपणाचा नाही. यांच्यासारखी एक शिडाची नौका, ‘मॉल्टीज फाल्कन’, ८८ मीटर लांब आहे. एवढे वजन आयत्या वेळी वळत नाही, थांबणे तर दूरच. म्हणून सुकाणूवरच्या माणसाला आपली चाल बरीच आधी ठरवावी लागते, आणि ती चाल डेकपेक्षा उंचावरूनच नीट वाचता येते. शिवाय या शर्यतीत जे-क्लास, म्हणजे अमेरिका चषक या प्रसिद्ध नौकास्पर्धेसाठी बांधलेल्या जुन्या धाटणीच्या मोठ्या नौकाही उतरल्या आहेत. १९३० ते १९३७ या काळात अशा १० नौका बांधल्या गेल्या आणि त्यांतल्या ३ उरल्या. १९३७ च्या अमेरिका चषकात ‘रेंजर’कडून हरलेली ‘एंडेव्हर २’ पुढे मोडीत निघाली, पण तिची प्रतिकृती २००९ साली पाण्यात उतरली. तिचे नाव ‘हनुमान’! नेटस्केप या ब्राउझर कंपनीचे एक संस्थापक जिम क्लार्क यांनी ती बांधून घेतली. असा खर्च कोणी केला नसता, तर या नौका केवळ छायाचित्रांत उरल्या असत्या.

कोरडा किनारा
खर्च त्यांनी स्वतःच्या हौसेसाठी केला; त्याबद्दल प्रेक्षकाने ऋणी राहावे, हे मान्य नाही. नौका देखण्या आहेत, यावर वाद नाही. माझा आक्षेप शर्यत ‘समजते’ या दाव्यावर आहे. सुटण्याच्या वेळा वाऱ्याच्या अंदाजावर बेतलेल्या असतात. वारा मध्येच पडला किंवा वाढला, तर एका गटाचा आयताच फायदा होतो आणि टेकडीवरच्या माणसाला ते कौशल्य वाटते.

खाडीकाठ
वाऱ्याचा मुद्दा रास्त आहे, परंतु तो डेकवरच्या पाहुण्यालाही तितकाच लागू पडतो. पलीकडची बाजू दिसत नाही, हेही खरे. त्यासाठी एका दिवशी वायव्येच्या कोलोंबिएकडे जावे, कारण मार्ग त्या बाजूच्या लहान बेटांमधून वळत असेल तर नौका तेथून चांगल्या दिसतात.