करुणा, दया, कीव, कणव: बौद्ध साधनेत नेमका कोणता अर्थ?

प्रश्न

वर्षावासात आमच्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. ब्रह्मविहारांचा, म्हणजे साधकाने मनात वाढवायच्या चार वृत्तींचा, भाग आला, तेव्हा वाचणाऱ्यांनी 'करुणा म्हणजे दया' एवढं सांगून पान उलटलं. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "दयावंतांनीच तर आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. ती दया आता शिकायची कशाला?" कुणालाच काही बोलता आलं नाही. दया हा शब्द इथे चुकतो का? चुकत असेल तर मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद

आजींनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मराठीत दया बहुतेक वेळा वरून खाली येते. दयेचा अर्ज करायचा, कुणाच्या दयेवर जगायचं, आणि देणाऱ्याचा हात कायम वर. कीव त्याहून वाईट. 'मला त्याच्या अकलेची कीव येते' यात तिरस्काराखेरीज काही नाही. कणव शब्द फार सुंदर आहे, पण कणव येते आणि जाते.

तुम्ही करुणाच म्हणा, फक्त तिचं क्रियापद सांभाळा. आपल्याकडे करुणा 'भाकतात', म्हणजे पदर पसरून मागतात. पाली सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांत, साधकाबद्दल येतं: 'करुणासहगतेन चेतसा एकं दिसं फरित्वा विहरति'. करुणेने भरलेल्या चित्ताने तो एक दिशा व्यापून राहतो, मग दुसरी, तिसरी, चौथी, वर, खाली, आडवी. इथे मागणारा कुणी नाही आणि देणारा दाताही नाही. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखाने होणारा आनंद) आणि उपेक्षा (दुर्लक्ष नव्हे, समभाव) हे चारही ब्रह्मविहार 'भावना' आहेत, आणि पालीत भावना म्हणजे वाढवणं, मशागत करणं.

प्रतिसाद

दयेवर इतका राग नको. 'दया करणें जें पुत्रासी, तेचि दासा आणि दासी' असं तुकोबा म्हणतात, त्या दयेत वरखाली कुठे आहे?

त्यावर

मान्य. त्या ओळीत दया खरोखर करुणेच्या शेजारी जाऊन बसते, कारण पोटचं पोर आणि दास यांतला भेदच तुकोबांनी पुसला. पाचव्या शतकात श्रीलंकेत आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' हा साधनेवरचा पाली ग्रंथ लिहिला. त्यात साधनेचं टोक हेच आहे. आरंभ अत्यंत दीनवाण्या, निराधार माणसापासून करायचा. तसा कुणी दिसला नाही, तर पाप करणाऱ्या माणसापासून, मग तो आज कितीही सुखात असो. पुढे आवडती व्यक्ती, मग तटस्थ, मग वैरी. शेवटी स्वतः, प्रिय, तटस्थ आणि वैरी यांच्यातल्या सीमा मोडायच्या. त्याला 'सीमासंभेद' असं नाव आहे.

पण रोजच्या मराठीतली दया तुकोबांची राहिलेली नाही, आणि आजी रोजच्या दयेबद्दल बोलत होत्या.

प्रतिसाद

माझी अडचण वेगळी आहे. 'करुण' म्हटलं की आपल्याला करुणरस आठवतो, आणि त्याचा स्थायीभाव शोक. विसुद्धिमग्गातही करुणेची व्युत्पत्ती 'परदुक्खे सति साधूनं हदयकम्पनं करोति' अशीच आहे ना? दुसऱ्याच्या दुःखाने सज्जनांचं हृदय कापतं ती करुणा. मग दुसऱ्याच्या दुःखाने दुःखी होणं हीच करुणा झाली की.

त्यावर

नाही, आणि या चर्चेत मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. हृदय कापतं हे खरं, पण बुद्धघोष तिथे थांबत नाहीत. करुणेचं लक्षण म्हणून ते दुःख दूर करण्याकडे असलेला कल सांगतात. तिचं कार्य म्हणजे दुसऱ्याचं दुःख सहन न होणं, आणि ती दिसते अविहिंसेच्या, म्हणजे कुणाला इजा न करण्याच्या, रूपात. लगेच पुढे ते म्हणतात: क्रौर्य शमलं की करुणा साधली, शोक उपजला की ती बिघडली. करुणेचे त्यांनी दोन शत्रू सांगितले आहेत. लांबचा शत्रू क्रौर्य, तो ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे संसारी खिन्नता. ती करुणेसारखीच दिसते, म्हणून घरात सहज शिरते. कुणाचं दुःख ऐकून आपण इतके कोसळतो की त्यालाच आपल्याला सावरावं लागतं, तेव्हा शिरलेली असते ती हीच.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या वाचनातून निसटते. ध्यानाच्या चार पायऱ्या मानल्या आहेत. मैत्री, करुणा आणि मुदिता यांच्या साधनेने पहिल्या तीन ध्यानांपर्यंत पोचता येतं, चौथं फक्त उपेक्षेने. कारण असं दिलंय की पहिल्या तिघींना सोमनस्स, म्हणजे प्रसन्नता, सुटत नाही. करुणेचं ध्यान प्रसन्न चित्ताने होतं! करुणरसावर वाढलेल्या आपल्या कानांना हे पटायला वेळ लागतो, पण रोज दुःखितांमध्ये काम करणाऱ्या माणसाला याहून मोठा आधार नाही.

प्रतिसाद

ध्यान ठीक आहे, पण करुणा बसल्या जागीच राहते का?

त्यावर

भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ विनयपिटक, त्याच्या महावग्ग या भागातला प्रसंग बघा. एक भिक्खू हगवणीने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. इतर भिक्खू का बघत नाहीत असं बुद्धांनी विचारलं, तर तो म्हणाला, मी त्यांच्यासाठी काही करत नाही, म्हणून. बुद्धांनी पाणी ओतलं, त्यांचा शिष्य आनंद याने त्याला धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला सांगितलं: ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची करावी. 'काही करत नाही म्हणून' हा हिशेब तिथे मोडला. पाणी या गोष्टीतही ओततात. आजींना ही जरूर सांगा.

डॉ. आंबेडकरांनी 1956 मध्ये बीबीसीवरच्या भाषणात प्रज्ञा आणि करुणेच्या जोडीला समता ठेवली, ती मला याच ओघातली वाटते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये ते त्याही पुढे जातात: करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी, म्हणून करुणेहूनही मैत्री अधिक आवश्यक.

प्रतिसाद

मग औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्याचं काय? तिथे अवलोकितेश्वराच्या, म्हणजे करुणेची मूर्ती मानलेल्या बोधिसत्त्वाच्या, दोन्ही बाजूंना आग, साप, हत्ती, बुडणारं जहाज अशा संकटांत सापडलेली माणसं त्याचा धावा करताना कोरली आहेत. ही तर करुणा भाकणंच.

त्यावर

धावा आहेच, महायान या बौद्ध परंपरेत त्याला जागा आहे. पण बोधिसत्त्वमार्गावरचा साधक नुसता धावा करून थांबत नाही, स्वतः अवलोकितेश्वरासारखं होण्याचा संकल्प करतो. महायानाचे आचार्य चंद्रकीर्ती आपल्या 'मध्यमकावतार' या ग्रंथाच्या आरंभी करुणेलाच वंदन करतात आणि तिला बीज, पाणी आणि पिकणं म्हणतात, म्हणजे ती मार्गाच्या सुरुवातीलाही लागते, मधेही आणि शेवटीही.

प्रश्न

सगळ्यांचे आभार. 'कारुण्य' लिहिलं तर चालेल का?

त्यावर

जपून. धम्म शिकवा या ब्रह्म्याच्या विनंतीनंतर बुद्धांनी 'सत्तेसु कारुञ्ञतं पटिच्च', प्राण्यांविषयीच्या करुणेपोटी, जगाकडे पाहिलं असं पालीत आहे, त्यामुळे शब्दाचं घराणं एकच. पण 'प्रसंगातलं कारुण्य' म्हटलं की मराठी वाचक डोळे पुसायला लागतो. 'महाकारुणिक' हे बुद्धांचं विशेषण मात्र खुशाल वापरा, आणि साधनेबद्दल लिहिताना 'करुणा वाढवणे', 'करुणेने व्यापणे' असं लिहा.