'डबल इन्डेम्निटी' एकट्या वाइल्डरचा? मला मान्य नाही

वैशाली_ठाणे
'डबल इन्डेम्निटी' हा बिली वाइल्डरचा १९४४ चा हॉलिवूडपट. विमा विकणारा नेफ आणि विवाहित फिलिस डीट्रिकसन मिळून तिच्या नवऱ्याचा खून करतात, अपघात भासवून विम्याचे दुप्पट पैसे मिळवायला. परवा इथेच एकाने लिहिलं, "डबल इन्डेम्निटी म्हणजे बिली वाइल्डर. बाकीची सगळी पगारी माणसं." त्याखाली "सहमत", "अगदी मनातलं" अशी रांग लागली. मला ते वाक्य पचलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

नेफ पहिल्यांदा डीट्रिकसनच्या घरात शिरतो तो प्रसंग आठवा. बाहेर कॅलिफोर्नियाचं ऊन, आत पडद्याच्या पट्ट्यांतून आलेले उजेडाचे कवडसे आणि हवेत तरंगणारी धूळ. ती धूळ कॅमेरामन जॉन साइट्झची. चित्रीकरणाच्या आधी त्याने हवेत बारीक ॲल्युमिनियमचा चुरा उडवला. खरी धूळ कॅमेऱ्यात दिसत नाही, हे मूकपटांपासून काम करणाऱ्या या माणसाला ठाऊक होतं. घर कळकट हवं हे वाइल्डरने सांगितलं असेल, पण तो कळकटपणा पडद्यावर आणला कुणी?

मिक्लोश रोझाचं संगीत ऐकून स्टुडिओच्या संगीतप्रमुखाने नाकं मुरडली होती. आज त्या सुरुवातीच्या चालीशिवाय कुबड्यांवर चालत येणारी ती सावली डोळ्यांपुढे येत नाही. सात ऑस्कर नामांकनं मिळाली, पुतळा एकही नाही. त्या वर्षी बाजी मारली पॅरामाउंटच्याच 'गोइंग माय वे'ने. साइट्झला पुढेही नामांकनंच मिळत राहिली, ऑस्कर कधीच नाही. अशा माणसाला तुम्ही "पगारी" म्हणता?

मध्यरात्र
ते वाक्य माझंच होतं आणि मी त्यावर ठाम आहे.

साइट्झला कुणी निवडलं? संगीतप्रमुख कटकट करत होता तेव्हा रोझाच्या पाठीशी कोण उभं राहिलं? जॉर्ज राफ्टने नकार दिल्यावर हलक्याफुलक्या विनोदी भूमिका करणाऱ्या फ्रेड मॅकमरेला खुनी नेफ करायचं कुणाला सुचलं? बार्बरा स्टॅनविक फिलिससारखी बाई रंगवायला बिचकत होती. तू उंदीर आहेस की अभिनेत्री, असं तिला तोंडावर विचारलं वाइल्डरनेच.

शिवाय सिनेमातला सगळ्यांत भारी क्षण घ्या. प्रेत रुळांवर टाकून दोघं मोटारगाडीत बसतात आणि गाडी सुरूच होत नाही. वाइल्डरची स्वतःची गाडी एकदा अडून बसली, तो पळत सेटवर परत आला आणि प्रसंग नव्याने घेतला. कॅमेरामन, संगीतकार, नट सगळे बाजूला ठेवा, हा क्षण एकट्या दिग्दर्शकाचा आहे.

पटकथावाला
दोघांच्याही लिखाणात वाइल्डरबरोबर पटकथा लिहिणारा रेमंड चँडलर जवळपास नाहीच. लेखकाच्या नशिबी हेच.

सिनेमा ज्या कादंबरीवर आहे त्या जेम्स केनच्या कादंबरीतले संवाद जसेच्या तसे घ्यायचे, असा वाइल्डरचा आग्रह होता. चँडलर म्हणाला, हे डोळ्यांनी वाचायला ठीक आहेत, तोंडात बसणार नाहीत. शेवटी नटांना बोलावून ते मोठ्याने वाचून घेतले. सपाट! चँडलरचं खरं निघालं आणि पुढे खुद्द केननेही ते मान्य केलं. नेफ आणि फिलिस वेगमर्यादा आणि दंडाच्या पावतीवरून एकमेकांना टोलवतात ना, ती जुगलबंदी पुस्तकात नाही.

मी काही वर्षं एका मालिकेचे संवाद लिहिले. रात्रभर जागून भाग लिहायचा, सकाळी नटमंडळी मेकअपला बसली की पानं त्यांच्या हातात. नाव लागायचं भलत्याचंच. पैसे मागितले की ठरलेलं उत्तर, "वरून आले नाहीत." आई रोज रात्री टीव्हीसमोर बसून माझं नाव शोधायची. म्हणून "दिग्दर्शकाचा सिनेमा" हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

मध्यरात्र
तुमच्यावर अन्याय झाला, वाईट वाटलं. पण त्याचा इथे काय संबंध? चँडलरचं नाव वाइल्डरच्या बरोबरीने पडद्यावर आहे, नामांकनही दोघांना मिळालं. आणि त्याचा पहिला खर्डा आठवा. पटकथा कधी लिहिली नव्हती आणि पानं भरली होती कॅमेरा कुठे ठेवायचा या सूचनांनी. त्याला पटकथा शिकवली वाइल्डरने. चँडलरने पुढे हे कबूलही केलंय.

पटकथावाला
कबूल केलं, आणि त्याच दमात या कामाने आपलं आयुष्य कमी झालं असंही म्हणाला. अर्धंच सांगू नका! दारू सोडलेल्या माणसासमोर वाइल्डर प्यायचा, बायकांचे फोन घेत बसायचा, हातातली छडी नाचवत खिडकी बंद कर म्हणून फर्मावायचा. चँडलर काम सोडून घरी गेला, तक्रारींचं लेखी पत्र दिलं, मगच परतला. पन्नाशी उलटलेला, नावाजलेला लेखक होता तो. कॉलेजातलं पोर नव्हे.

विमा कंपनीत दावे तपासणाऱ्या केसच्या (Keyes) ऑफिसबाहेर खुर्चीत वाचत बसलेला माणूस चँडलर आहे. नेफ समोरून जातो तेव्हा तो मान वर करून बघतो. साठ वर्षांहून जास्त काळ हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. लेखक पडद्यावर समोर बसलाय आणि कुणी ओळखत नाही!

माणिक_सोलापूर
आरत्या झाल्या असतील तर एक विचारू? स्टॅनविकचा तो सोनेरी विग. स्टुडिओप्रमुख डिसिल्व्हानेच म्हटलं होतं, घेतली स्टॅनविक आणि मिळाला जॉर्ज वॉशिंग्टन. नेफ अविवाहित आणि मॅकमरेच्या बोटात लग्नाची अंगठी. नेफच्या घराचं दार बाहेर कॉरिडॉरमध्ये उघडतं. असं दार कुणी पाहिलंय?

वैशाली_ठाणे
दार आत उघडलं असतं तर फिलिस लपली असती कुठे? केस कॉरिडॉरमध्ये उभा, ती दाराआड, नेफचा हात मुठीवर. त्या अर्ध्या मिनिटात माझा श्वास अडकतो. दार त्यासाठीच तसं केलंय. विग भडक आहे कारण बाईच तशी रंगवायची होती. घोट्यातली साखळी, विग, चेहरा हे सगळं एकाच घरातलं वाटतं. वेशभूषाकार ईडिथ हेडचे कपडे पुन्हा बघा. अंगठीचं मात्र काही समर्थन नाही, ते तुमच्या पदरात.

दावेदार
मी विम्याच्या दावे विभागातून निवृत्त झालो. तुम्ही सगळे केसला विसरलात याचं मला खरंच वाईट वाटतं.

केस झालेला एडवर्ड जी. रॉबिन्सन तेव्हा मोठा नायक होता, तरी इथे श्रेयनामावलीत तिसरं नाव घेतलं. आत्महत्यांच्या आकडेवारीचं त्याचं ते लांबलचक बोलणं ऐका. वंशानुसार, व्यवसायानुसार, ऋतूनुसार, विषाने, उडी मारून. आणि शेवटी मुद्दा असा की ताशी पंधरा मैलांनी चाललेल्या आगगाडीच्या मागच्या टोकावरून कुणी जीव देत नाही. आमचे एक वरिष्ठ अस्सेच बोलायचे.

लोकलमधून पडून गेलेल्या एकाचा दावा माझ्याकडे आला होता. पॉलिसीला डबल ॲक्सिडेंट बेनिफिट, म्हणजे अपघात ठरला तर दुप्पट. वरून दबाव, आत्महत्या दाखवा. त्याची बायको रोज येऊन बाकावर बसायची, एक शब्द बोलायची नाही. पंचनाम्यात खिशातल्या वस्तूंची यादी होती. त्यात आदल्या दिवशी काढलेला तीन महिन्यांचा पास. मरायचं ठरवलेला माणूस पास काढत नाही. मी तेच टिपणात लिहिलं आणि दावा मंजूर झाला.

केसही तसाच पोचतो. अपघात विमा असलेल्या माणसाचा पाय मोडतो आणि तो दावा करत नाही. का? त्याला विम्याचा पत्ताच नाही म्हणून. असं डोकं चालणारी माणसं दावे विभागात खरोखर असतात, आणि रॉबिन्सनने त्यांना चेहरा दिला. त्याला स्पर्धेतलं नामांकन जन्मात मिळालं नाही. १९७३ मध्ये मानद ऑस्कर दिलं तोवर तो गेला होता.

मध्यरात्र
दावेदार काका, तुमच्यापुढे बोलता येत नाही. रॉबिन्सन दिला. साइट्झची धूळही घ्या.

पण शेवटाचं सांगा. नेफला गॅस चेंबरमध्ये मारण्याचा प्रसंग चित्रित झाला होता. नुसत्या सेटचा खर्च सुमारे १,५०,००० डॉलर सांगतात. वाइल्डरने तो सगळा कापला. हे धाडस पगारी माणसाचं नसतं.

दावेदार
कापता आला, कारण त्याआधी दारात कोसळलेल्या नेफजवळ रॉबिन्सन बसतो. सिनेमाभर नेफ अंगठ्याच्या नखाने काडी ओढून केसची सिगार पेटवतो. इथे केस नेफची सिगारेट पेटवतो. त्या चेहऱ्यानंतर गॅस चेंबर कशाला हवा होता?

वैशाली_ठाणे
काका, मनातलं बोललात. मध्यरात्र, पुढच्याच 'द लॉस्ट वीकएंड'साठी वाइल्डरने पुन्हा साइट्झ घेतला, रोझा घेतला, संकलनाला डोन हॅरिसन घेतला. जी माणसं बदलली तरी चालतात ती कुणी अशी परत परत घेत नाही.

मध्यरात्र
आणि चँडलर? त्याला नाही घेतलं. पटकथेला परत वाइल्डरचा जुना जोडीदार चार्ल्स ब्रॅकेट, ज्याने 'डबल इन्डेम्निटी' घाणेरडी म्हणून नाकारली होती. पटकथावाल्यांनी यावर बोलावं.

पटकथावाला
बोलतो. चँडलर त्याच पॅरामाउंटमध्ये राहिला आणि 'द ब्लू डालिया' एकट्याने लिहिली. १९४६ चा सिनेमा. पटकथेचं नामांकन मिळालं, आणि त्यावर दुसऱ्या कुणाचंही नाव नव्हतं.