जॉस हाउस: मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: कॅलिफोर्नियातल्या वीव्हरव्हिल या जुन्या खाणगावावरचा मजकूर मराठीत आणते आहे. तिथल्या चिनी देवळाला 'जॉस हाउस' म्हणतात. 'पॅगोडा' लिहिलं तर चालेल का?

उत्तर: पॅगोडा नको. तो शब्द वाचला की गोराईचा उंच सोनेरी कळस डोळ्यांपुढे येतो. वीव्हरव्हिलचं देऊळ लाकडी आणि बसकं आहे. आधीचं जळाल्यावर १८७४ मध्ये बांधलेलं. दर्शनी भिंत निळी रंगवून तिच्यावर पांढऱ्या रेघा ओढल्यात, लांबून विटांची वाटावी म्हणून. आत शिरलं की समोर उंच लाकडी आडोसा. भुतं सरळ रेषेतच चालतात, वळत नाहीत, अशी समजूत होती.

आता 'जॉस'. हा शब्द मुळात चिनी नाहीच. पोर्तुगीज 'देउश' म्हणजे देव. पूर्वेकडच्या बंदरांतल्या व्यापारी बोलीत घासत घासत त्याचा 'जॉस' झाला, तिथून तो इंग्रजीत शिरला आणि १८४८ ला कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर खाणींवरही रुळला. 'देउश' हा लॅटिन 'देउस'चा वंशज, आणि 'देउस' आपल्या 'देव'चा सख्खा भाऊ! गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य साडेचारशे वर्षं होतं, तरी तिथल्या ख्रिस्ती घरांत आभार मानताना 'देव बरें करूं' असंच म्हणतात. चीनच्या किनाऱ्यावर मात्र त्यांचा 'देउश' परक्यांच्या मूर्तींना चिकटला.

म्हणजे जॉस हाउस हे शब्दशः देवाचं घर. आपलं 'देऊळ'ही 'देवकुल'वरून आलं, आणि कुल म्हणजे घरसुद्धा. यापेक्षा नेमका शब्द कुठून आणणार? 'देवघर' मात्र नको, ते घरातलं.

प्रश्न: आणि तिथले चिनी स्वतः काय म्हणत?

उत्तर: त्यांच्या कँटनी बोलीत 'मिउ'. वीव्हरव्हिलच्या देवळाच्या नावाचा अर्थ 'ढगांखालच्या रानातलं देऊळ' असा आहे. इतकं सुंदर नाव असताना नुसतं 'जॉस हाउस' लिहिणं मला खरंच खटकतं. देवळांतले देवही वेगवेगळे: कॅलिफोर्नियातच मेरीसव्हिलला पुरापासून राखणारा पाण्याचा देव, ऑस्ट्रेलियात बेंडिगोला देव मानलेला सेनापती ग्वान यू. गोऱ्या खाणवाल्यांनी सगळ्यांना सरसकट 'जॉस' करून टाकलं. कॅलिफोर्नियाला चिनी लोक 'गम सान', सोन्याचा डोंगर म्हणत. १८५१ ला ऑस्ट्रेलियातही सोनं निघालं, तेव्हा मेलबर्न झालं 'नवा सोन्याचा डोंगर' आणि सॅन फ्रान्सिस्को 'जुना'. चिनी भाषेत सॅन फ्रान्सिस्कोचं ते नाव आजही चालू आहे.

आणखी एक: 'पॅगोडा' जुन्या इंग्रजी दप्तरांत दिसला तर जरा थांबा. तिथे ते बरेचदा नाणं असतं, आपला होन.

प्रश्न: मजकुरात 'जॉस स्टिक'ही आहे. मी 'जॉसची काडी' केलं होतं.

उत्तर: उदबत्ती. आणि 'जॉस हाउस' फलकावरचं नाव म्हणून एकदाच द्या, पुढे सगळीकडे देऊळ.