वर्गणीची साइट खुली करण्याआधी काय तपासावं?

प्रश्न: नवाबांधकाम

व्हिडिओ धडे आणि पीडीएफ टिपणं यांची वर्गणीवर चालणारी साइट उभी करतोय. मासिक आणि वार्षिक असे दोन प्लॅन आहेत. वर्डप्रेस, सदस्यत्वाचं प्लगइन आणि पेमेंट गेटवे जोडून झालंय, चाचणीचं पेमेंटही नीट गेलं. सभासद २००-३०० झाल्यावर निस्तरायला जड जातील अशा चुका कोणत्या?

उत्तर: वसुलीवाला

पहिलं पेमेंट जाणं ही सोपी बाजू. खरी परीक्षा दुसऱ्या महिन्याच्या वसुलीला. तेव्हा सभासद साइटवर नसतो, पैसे आले की नाही हे गेटवे तुमच्या सर्व्हरला वेबहुकने, म्हणजे आपोआप पाठवलेल्या निरोपाने कळवतो. प्रवेश पैसे भरल्यावर दिसणाऱ्या ‘धन्यवाद’ पानावरून उघडत असाल तर ते आजच बदला. ब्राउझर मध्येच बंद झाला की पैसे कापले जातात आणि प्रवेश मिळत नाही. उलट, ते पान कुणी थेट उघडलं तर फुकटात आत.

एकच वेबहुक दोनदा येऊ शकतो आणि ते क्रमाने येतीलच असं नाही. प्रत्येकाचा आयडी साठवा, तोच पुन्हा आला तर काही करू नका, नाहीतर एका पेमेंटवर दोन महिने वाढतात. त्यावरची डिजिटल सही तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आणि ‘निरोप मिळाला’ असं सांगणारा २०० हा कोड प्रतिसादात लगेच द्या. ईमेल पाठवण्यासारखी कामं रांगेत टाकून नंतर करा, कारण प्रतिसादाला उशीर झाला की गेटवे तोच निरोप पुन्हा पाठवतो.

डेटाबेसमध्ये नुसतं ‘सक्रिय: हो/नाही’ ठेवू नका. ‘प्रवेश कधीपर्यंत’ ही तारीख ठेवा, तीही यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. मग एखादा वेबहुक हरवला तरी मुदत उलटल्यावर प्रवेश आपोआप बंद होतो, आणि सदस्यत्व रद्द करणाऱ्याला पैसे भरलेले दिवस पूर्ण मिळतात. ३१ जानेवारीला आलेला सभासद हमखास तपासा. फेब्रुवारीत तारीख २८ वर येते आणि पुढचा हिशोब तिच्यावरून केला तर ती कायमची २८ वरच अडकते. मूळ तारीख वेगळी साठवा.

उत्तर: कुलूपकिल्ली

पैशांइतकंच दाराकडे बघा. प्लगइन पान झाकतं, फाइल झाकत नाही. अपलोड्स फोल्डरमधली पीडीएफ वेब सर्व्हर सरळ देऊन टाकतो, त्या वाटेत प्लगइनचा कोड चालतच नाही. एकाने लिंक पाठवली की ती सगळ्यांना उघडते. फाइली सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर ठेवा आणि काही मिनिटांत बाद होणाऱ्या सही केलेल्या लिंकने द्या. व्हिडिओच्या लिंकची मुदत मात्र धड्याच्या लांबीपेक्षा बरीच जास्त हवी, नाहीतर धडा मध्येच अडकतो.

आरएसएस फीड (नव्या मजकुराची यादी) आणि रेस्ट एपीआय (इतर प्रोग्रामना मजकूर देणारी वाट) लॉगिन न करता उघडून बघा. पानावर झाकलेला मजकूर तिथे पूर्ण दिसू शकतो. सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडने) झाकलेला मजकूर तर पानाच्या सोर्समध्ये असतोच.

सगळ्यात घातक चूक कॅशेची, म्हणजे पान लवकर उघडावं म्हणून साठवलेल्या प्रतींची. लॉगिन केलेल्या सभासदाचं पान कॅशेत गेलं की पुढच्या माणसाला त्याचं नाव, ईमेल, पावत्या दिसतात. अशा पानांना ‘प्रायव्हेट, नो-स्टोअर’ हेडर (साठवू नका अशी सूचना) द्या, आणि लॉगिनची कुकी असेल तर सीडीएनने (साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून देणाऱ्या सेवेने) कॅशे टाळावी असा नियम घाला. दोन ब्राउझरमध्ये दोन वेगळ्या खात्यांनी आलटून पालटून पानं उघडा, तिसऱ्यात लॉगिनच करू नका. प्रत्येक प्लगइन-अपडेटनंतर हे पुन्हा करा.

उत्तर: टिकवाटिकवी

बरेच सभासद न ठरवता गळतात. कार्डाची मुदत संपते किंवा त्या दिवशी खात्यात पैसे नसतात. पहिल्या नकारालाच प्रवेश तोडू नका. साधारण ७ दिवसांची सवलत द्या, त्यात ३-४ प्रयत्न करा, आणि प्रत्येक ईमेलमध्ये कार्ड बदलायच्या पानाची थेट लिंक ठेवा. नकाराचं कारण ‘कार्ड हरवलं’ किंवा ‘चोरीला गेलं’ असेल तर पुन्हा प्रयत्नच नको, नवं कार्ड मागा.

वार्षिक वसुलीची सूचना निदान आठवडाभर आधी द्या. बँकेच्या स्टेटमेंटवर साइटचं ओळखू येणारं नाव दिसलं पाहिजे. अनोळखी नाव दिसलं की माणूस थेट बँकेकडे तक्रार करतो, मग रक्कम परत जाऊ शकते, वर गेटवेचा दंडही बसू शकतो. ‘रद्द करा’ बटण लपवण्याचा परिणामही हाच.

पासवर्ड बदलायचे ईमेल आणि बातमीपत्र वेगवेगळ्या सबडोमेनवरून पाठवा. बातमीपत्राला स्पॅमचा शिक्का बसला तरी पासवर्डचे ईमेल पोचण्याची शक्यता जास्त राहते. ईमेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी दोन्हीकडे लावा.

नवाबांधकाम

थेट लिंकने पीडीएफ उघडतेय! ते आधी बंद करतो. पुढचे बदल साइटच्या प्रतीवर करून बघितले तर चालेल ना?

उत्तर: वसुलीवाला

चालेल, पण प्रत सुरू करण्याआधी तिच्यातल्या गेटवेच्या खऱ्या ‘की’ (गेटवेशी जोडणारे गुप्त कोड) काढून चाचणीच्या घाला, ईमेल पाठवणं आणि क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप होणारी कामं) बंद करा. काही प्लगइन वसुली साइटवरूनच सुरू करतात. तसं असेल तर प्रतही तेच काम करते आणि एकाच कार्डावर दोनदा रक्कम कापली जाते. सभासदांचे ईमेल पत्तेही प्रतीत खोटे करा. मग चाचणीच्या कार्डांनी नकार, संपलेली मुदत आणि ओटीपी अर्धवट सोडणं, हे तिन्ही प्रकार करून बघा.