आतून बाहेर पडायचं बटण बिनतारी असावं का?

कडीकोयंडा

माझं मत आधीच सांगतो. ज्या दाराला मॅग्नेटिक लॉक आहे, त्या दाराचं आतलं एकमेव बटण सेलवर चालणारं, बिनतारी असू नये.

हे मत एका संध्याकाळी बनलं. कामाच्या जागी काचेचं दार आहे. वरच्या चौकटीत मॅग्नेटिक लॉक, बाहेर कार्ड दाखवायचं यंत्र आणि आत भिंतीला दुहेरी चिकटपट्टीने लावलेलं बिनतारी बटण. सगळे गेले होते, मी शेवटचा. बटण दाबलं, त्यावरचा दिवा लागला, दार हललं नाही. पुन्हा दाबलं. दिवा लागला, दार तसंच. पाच-सहा वेळा हेच झाल्यावर मी ती डबी भिंतीवरून उपटली, खुर्चीवर चढलो आणि लॉकशेजारच्या रिसीव्हरला, म्हणजे बटणाची लहर पकडणाऱ्या डबीला, जवळजवळ टेकवून दाबली. तेव्हा कुठे ‘टक्’ झालं.

दुसऱ्या दिवशी सेल काढून मीटर लावला. १२ व्होल्टचा बोटाच्या पेराएवढा सेल. नुसता मोजला तर १० च्या वर दाखवत होता. डबीत बसवून बटण दाबलं की ७ च्या खाली. तेवढ्यावर दिवा लागतो, पण लहर चार पावलांवरच्या रिसीव्हरपर्यंत पोचत नाही. दिवा लागला म्हणजे निरोप पोचला असं आपण धरून चालतो. तो दिवा फक्त बटण दाबलं गेल्याचं सांगतो.

मॅग्नेटिक लॉक वीज असेपर्यंत धरून ठेवतं. दारांना नेहमी लागणारं लहान लॉकसुद्धा पावणेतीनशे किलोच्या आसपास धरतं, म्हणजे खांद्याने रेटून सुटायचं नाव नको. वीज गेली की आपोआप सुटतं म्हणून सगळे त्याला सुरक्षित म्हणतात. त्या संध्याकाळी वीज होती. संपला होता तो सेल.

तारजोड

पूर्ण असहमत. हेच काम करतो म्हणून लिहितोय.

वायरचं बटण बिघडत नाही, असं तुम्ही गृहीत धरलंय. दाराच्या पानातून चौकटीत वायर जाते, तिथे बिजागरीजवळ ती दिवसातून शंभर वेळा वाकते आणि एक दिवस आतल्या आत तुटते. वरचं आवरण शाबूत, तांबं तुटलेलं. गेटच्या खड्ड्यात पाणी साचतं आणि जॉइंट हिरवा पडतो. छतावरच्या पोकळीत उंदीर असतात. बहुतेक ठिकाणी बटण एनओवर (नॉर्मली ओपन) जोडलेलं असतं, म्हणजे दाबल्यावरच सर्किट पूर्ण होतं. अशी वायर तुटली तर दाबेपर्यंत कुणालाच पत्ता लागत नाही. तुमच्या सेलचं जे झालं, तेच.

आता जिथे वायर नेताच येत नाही, त्या जागा बघा. जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच. दगडी भिंत, जिला भोक पाडायला परवानगी नाही. भाड्याची जागा. गेट इमारतीपासून २५ मीटर लांब आणि मधला रस्ता नुकताच काँक्रीटचा झालेला. अशा वेळी बिनतारी बटण हा रडतखडत निवडलेला पर्याय नसतो, तोच शहाणपणाचा असतो. चांगल्या संचात बटण ठरावीक वेळाने रिसीव्हरला हजेरी देतं आणि सेल उतरला की आधीच कळवतं. तुमच्याकडे चूक देखभालीची झाली. सेल बदलल्याची तारीख डबीच्या आत लिहायची, एवढंच होतं.

कडीकोयंडा

हजेरी देणारा संच किती दारांवर लागतो? सर्रास जे लागतं ते एकतर्फी असतं. बटण हाक मारतं आणि गप्प बसतं, कुणी ऐकलं की नाही याची त्याला खबर नसते. बिजागरीतल्या वायरचं मान्य, पण बटण भिंतीवर असताना त्याची वायर बिजागरीतून जाईलच कशाला?

रेडिओछंद

दोघेही दार *उघडत नाही* यावर भांडताय. मला ते *नको त्याच्यासाठी उघडतं* याची जास्त काळजी वाटते.

स्वस्त बिनतारी बटणं बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात आणि आत ईव्ही१५२७ जातीची चिप असते. तिचा ओळखक्रमांक २० बिटांचा, म्हणजे १०,४८,५७६ शक्यता. आकडा मोठा वाटतो, पण तो हुडकायची गरजच पडत नाही, कारण दर दाबाला अगदी तोच क्रमांक हवेत जातो. काच, वीट, प्लायवूड यांतून तो सहज बाहेर पडतो. बाहेर उभ्या माणसाकडे हातात मावणारं रेडिओ यंत्र असेल तर आतल्या कुणीतरी बटण दाबलं की तो ते टिपून घेतो आणि रात्री तसंच वाजवतो. दार उघडतं.

लोक कार्ड जपून देतात, नोकरी सोडली की बंद करतात, कोण कधी आलं याची नोंद ठेवतात. आतल्या बटणाकडे मात्र किल्ली म्हणून कुणी बघत नाही. बिनतारी झालं की ते किल्लीच होतं, आणि दर वेळी ती भिंतीबाहेर ओरडून सांगितली जाते. नोंदवहीत तर ‘आतून कुणी बाहेर गेलं’ एवढंच उमटणार.

बदलत्या कोडचं बटण घ्या, त्यात प्रत्येक दाब वेगळा असतो. तेही अभेद्य नाही. कीलॉक नावाची प्रसिद्ध पद्धत २००८ मध्ये बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी चिपच्या वीजवापराचं मोजमाप करून फोडली. २०१५ मध्ये सॅमी कामकार या सुरक्षा-संशोधकाने दाखवलं की मूळ लहर अडवून, टिपून, ती न वापरलेली राखून ठेवता येते. पण त्यासाठी तिथे यंत्र लावून थांबावं लागतं, अभ्यास लागतो. स्थिर कोडला काहीच लागत नाही.

तारजोड

स्थिर कोडबद्दल वाद नाही, मी स्वतः लावत नाही. पण म्हणून वायरवालं आपोआप सुरक्षित होत नाही. अनेक ठिकाणी कार्डाचं यंत्र, आकड्यांची पाटी आणि रिले (लॉकची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) हे सगळं एकाच डबीत असतं आणि ती डबी दाराच्या *बाहेर* लावलेली असते. आतल्या बटणाच्या दोन तारा भिंतीतून त्याच डबीत येतात. एक स्क्रू काढायचा, डबी भिंतीपासून ओढायची, त्या दोन तारा एकमेकींना टेकवायच्या. रेडिओ लागत नाही, अभ्यासही लागत नाही. असं मी मालकांसमोर करून दाखवलंय आणि त्यांचा चेहरा पाहिलाय. रिले आणि कंट्रोलर आत हवा, बाहेर फक्त वाचणारं यंत्र. बिनतारी असो वा वायरचं, हे आधी.

सावली

मी चाकाच्या खुर्चीत असते. बाहेर पडणं कुणासाठी, हे वरच्या चर्चेत आलं नाही म्हणून लिहिते.

आमच्या इमारतीचं वायरचं बटण दाराच्या अगदी शेजारी आहे, कारण वायर तिथेच निघाली होती. दार आत उघडतं. मला बटणापर्यंत जावं लागतं, दाबावं लागतं, आणि मग दारासाठी जागा करायला खुर्ची मागे घ्यावी लागते. लॉक तीन सेकंदं सुटं राहायचं. मी मागे जाऊन पुन्हा पुढे येईपर्यंत ते परत धरायचं. हात दाराच्या मुठीवर आणि दार बंद. किती वेळा हे केलं, मोजलं नाही.

आता बिनतारी बटण खुर्चीच्या हातावर बांधलंय. मी योग्य जागी उभी राहते, मूठ हातात धरते आणि मग दाबते. कुणाला हाक मारावी लागत नाही. ‘बिनतारी नको’ म्हणताना माझं हे बटण तुम्ही काढून घेताय, हे लक्षात घ्या.

(सुटं राहण्याची वेळ आता १५ सेकंदं करून घेतली. रिसीव्हरमध्ये एक छोटा स्क्रू फिरवायचा होता, त्यासाठी आठ महिने गेले.)

कडीकोयंडा

तुमचं बटण काढून घेण्याचा हेतू नाही. माझा ‘एकमेव’ हा शब्द तिथे जोर देऊन वाचा. दहा बिनतारी बटणं असू द्या. त्यांच्या जोडीला एक असं हवं, जे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सला न विचारता लॉकची वीज तोडेल.

हे मी मनाने काढलेलं नाही. अमेरिकेतल्या एनएफपीए १०१ या जीवसुरक्षा संहितेत अशा दारांचा नियम आहे, जिथे माणूस जवळ आला की सेन्सर लॉक सोडतो. सेन्सर असूनही हाताने दाबायचं बटण लागतंच: जमिनीपासून ४० ते ४८ इंचांवर, दारापासून ६० इंचांच्या आत. दाबलं की कार्डाच्या यंत्रणेवर अवलंबून न राहता लॉकचा प्रवाह थेट तुटला पाहिजे आणि दार किमान ३० सेकंदं सुटं राहिलं पाहिजे. ‘थेट’ हा शब्द बिनतारी बटणाला पाळता येत नाही. तिथे मध्ये सेल आहे, ट्रान्समीटर आहे, हवा आहे, रिसीव्हर आहे, रिले आहे. एनसी (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेलं आणि दाबल्यावर तुटणारं) संपर्काचं साधं बटण लॉकच्या प्लस तारेत मधे टाकलं की दाबताक्षणी वीज तुटते. ती तार तुटली तरी लॉक सुटतं, म्हणजे बिघाडही माणसाच्या बाजूने होतो. तारजोड, तुमच्या एनओच्या तक्रारीला हेच उत्तर आहे.

ध्रुवतारा

सेलचाच प्रश्न असेल तर बिनसेलची बटणं मिळतात. दाबण्याच्या जोरावर आतल्या कॉइलमध्ये वीज तयार होते आणि तेवढ्यात निरोप जातो. एनओशनने अशी बटणं बरीच आधी आणली.

रेडिओछंद

@ध्रुवतारा, चांगली वस्तू आहे, पण सेल हा साखळीतला एकच दुवा. दुसऱ्या टोकाचा रिसीव्हरही अडकतो. लॉकची वीज तुटते तेव्हा त्याची कॉइल उलटा झटका परत फेकते आणि तो त्याच सप्लायवर बसलेल्या रिसीव्हरपर्यंत जातो. मी पाहिलेल्या एका दारावर रिसीव्हर आठवड्यातून एकदा गोठायचा. सगळे सेल बदलत बसले होते. लॉकच्या दोन टर्मिनलवर १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आडवा टाकला, पांढरी पट्टी प्लसकडे, आणि गोठणं थांबलं. डायोडने लॉक किंचित उशिरा सुटतं, ते नको असेल तर एमओव्ही (असा झटका शोषून घेणारा भाग) टाका. काही लॉकमध्ये हे आतच असतं, आधी बघून घ्या.

तारजोड

कडीकोयंडा, एनसीचं बटण प्लसमध्ये टाकणं बरोबर आहे, मीही टाकतो. पण तुम्ही लॉकचा दोष बटणावर घालताय, असं मला अजूनही वाटतं. चौकटीत इलेक्ट्रिक स्ट्राइक, म्हणजे दाराचा खटका धरणारी आणि विजेने सोडणारी पट्टी, बसवा आणि दाराला आतून साधी मूठ ठेवा. मूठ खाली दाबली की खटका यंत्राच्या जोरावर मागे सरतो, वीज असो वा नसो. मग बिनतारी बटण स्वागतकक्षातून दार सोडायला वापरा, खुर्चीवर बांधा, कुणाचा जीव त्यावर टांगलेला नसतो. माणसाला बाहेर पडायला बटण *शोधावं* लागतं, तिथेच रचना चुकली.

गाड्यांच्या सरकत्या गेटला तर मी बिनतारीच सुचवतो. तिथे मोटर हाताने मोकळी करायची किल्ली असते. ती किल्ली कुठे टांगली आहे हे दोघा-तिघांना माहीत हवं, आणि पायी जाणाऱ्यांसाठी वेगळं फाटक हवं.

कडीकोयंडा

स्ट्राइकचं पटलं. अडचण इतकीच की आमच्या दाराला बाजूंना चौकटच नाही, नुसती काच, म्हणून वर मॅग्नेटिक लॉक. लॉकपासून बटणापर्यंत पट्टीतून दोन तारा खाली आणायच्या ठरवल्यात. भिंतीवर पट्टी दिसेल म्हणून मालक नाराज आहेत. दिसू दे. बिनतारी बटण टेबलाजवळ राहील, पण स्थिर कोडचं जाऊन बदलत्या कोडचं येईल.

तारजोड

पट्टी काचेच्या जोडावरून उभी न्या, फारशी दिसत नाही. आणि बटण लावलं की मुख्य सप्लाय चालू ठेवून, रिसीव्हरची वायर मुद्दाम काढून दाबून बघा. तेव्हा सुटलं तरच काम झालं.

सावली

उंची ठरवताना उभं राहून ठरवू नका. खुर्चीत बसा, हात पुढे करा आणि तिथे खूण करा. आणि त्या बटणाखाली कुंडी किंवा कचऱ्याचा डबा येणार नाही एवढं बघा. आमच्याकडे दोन्ही आहेत.