ताम्हिणी घाटात ऑडी टीटी ठोकली. टोटल लॉस घेऊ की रिपेअर करू?

घाटवेडा_पुणे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण प्लीज पूर्ण वाचा. माझी २०१६ ची ऑडी टीटी आहे, २०२२ मध्ये सेकंड हँड घेतली, आरसी आणि पॉलिसी दोन्ही तेव्हाच नावावर करून घेतली होती. मागच्या रविवारी सकाळी ताम्हिणीतून माणगावकडे उतरताना एका वळणावर डोंगरावरून वाहून आलेली लाल माती रस्ताभर पसरली होती, स्पीड पन्नासच्या आसपास असेल, पुढची चाकं घसरली आणि गाडी डाव्या कोपऱ्यावर थेट कठड्याला. मी आणि बायको दोघंही ठीक, बेल्टचे वळ उठलेत तेवढेच. दोन्ही एअरबॅग उघडल्या, डाव्या एअरबॅगने समोरची काच तडकली, बॉनेट घडी घातल्यासारखं दुमडलंय आणि खाली कूलंट टपटप मातीत पडत होतं, ते दृश्य अजून डोळ्यासमोरून जात नाही.

गाडी फ्लॅटबेडवर घालून पुण्यात वर्कशॉपला आणली, त्याच दिवशी क्लेम नोंदवला, विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर येऊन नुकसानीचे फोटो काढून गेला. आता वर्कशॉपचं एस्टिमेट आलंय १४ लाख २० हजार. आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, १८ लाख. विमा कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला म्हणजे टोटल लॉस, म्हणजे रिपेअर न करता पैसे घेऊन गाडी सोडायची, कन्सेंट लेटर सही करून पाठवा. वर्कशॉपवाले म्हणतात आजच ठरवा नाहीतर दिवसाला हजार रुपये पार्किंग लागेल. मला गाडी सोडायची नाहीये, दहा वर्षं पैसे साठवून घेतलीय. एस्टिमेट बघितलं तर एका हेडलॅम्पचेच दोन लाखांच्या वर लावलेत आणि उजवा हेडलॅम्प तर फक्त बसवायच्या खालच्या कानाला तुटलाय. सही करू का थांबू? झिरो डेप (घसारा न कापता क्लेम देणारं ॲड-ऑन) नाहीये, गाडी जुनी म्हणून कंपनीने दिलं नव्हतं.

सर्व्हेवाला

मी परवानाधारक सर्व्हेअर आहे, मोटरचीच कामं जास्त करतो. दादा, आधी सही करू नका. वर्कशॉपचं एस्टिमेट म्हणजे वर्कशॉपची मागणी, आमचं असेसमेंट वेगळं असतं. ७५ टक्के हे असेस केलेल्या खर्चावर बघतात, म्हणजे तुमच्या केसमध्ये साडेतेरा लाख ही रेषा, आणि तुम्ही तिच्या फक्त सत्तर हजार वर आहात. उजव्या हेडलॅम्पचा कान रिपेअर होत असेल तर ती एकच ओळ कापली तरी तुम्ही रेषेच्या खाली येता. पण उलटंही होऊ शकतं, गाडी उघडल्यावर आतलं काही निघालं तर आकडा वर जातो. म्हणून सर्व्हेअरला लेखी मेल करा की डिसमँटल करून पुन्हा इन्स्पेक्शन करा आणि त्या वेळी मी हजर राहणार आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि हीच बहुतेक लोकांना बिल हातात आल्यावर कळते. झिरो डेप नाही आणि गाडी पाच वर्षांच्या वर पण दहाच्या आत, म्हणजे लोखंड-ॲल्युमिनियमच्या पार्टवर ४० टक्के घसारा कापला जाणार. प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के, हेडलॅम्पही प्लास्टिकमध्येच धरतात. काचेवर काही नाही, लेबरवर काही नाही. पेंटमध्ये मटेरियलवर ५० टक्के, आणि बिल एकत्र असेल तर त्याचा पाव हिस्सा मटेरियल धरतात. तुमचं एस्टिमेट ढोबळ फोडून बघू, समजा मेटल ५ लाख, प्लास्टिक आणि एअरबॅग ५ लाख, काच १ लाख, लेबर २ लाख, पेंट १ लाख २० हजार. तर मेटलचे २ लाख, प्लास्टिकचे अडीच, पेंटचे १५ हजार आणि पंधराशे सीसीच्या वरच्या गाडीला प्रत्येक क्लेममधून सक्तीने कापले जाणारे २ हजार, असे ४ लाख ६७ हजार तुमच्या खिशातून. कंपनी देणार साडेनऊच्या आसपास.

टोटल लॉसमध्ये याच गाडीचे १८ लाखांतून २ हजार वजा होऊन मिळतील आणि अवशेष कंपनीकडे जातील. तिसरा रस्ता नेट ऑफ सॅल्व्हेज, त्यात गाडी तुमच्याकडे राहते आणि सॅल्व्हेजला जी सगळ्यात वरची बोली आली ती १८ मधून वजा होते. समजा ७ लाखांची बोली आली तर हातात ११ च्या आत-बाहेर आणि मोडकी गाडी. हे पर्याय लेखी मागा, फोनवर ठरवू नका. वेळेचं म्हणाल तर विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या सर्क्युलरनुसार सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, रिपोर्ट १५ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा.

पत्राकाम_भोसरी

सर्व्हेवाले साहेबांनी पैशाचं सांगितलं, मी पत्र्याचं सांगतो. भाऊ तुमच्या टीटीचं बॉनेट, फेंडर, दरवाजे ॲल्युमिनियमचे आणि पुढचा ढाचा स्टीलचा. ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडासारखा ठोकून परत येत नाही, ताणला की ताणलाच, म्हणून बॉनेट-फेंडर नवेच लागणार, त्यावर वाद घालू नका. आणि कुठल्याही गल्लीतल्या गॅरेजला स्वस्त मिळतंय म्हणून देऊ नका. ज्या ग्राइंडरने सकाळी लोखंड घासलं तोच दुपारी ॲल्युमिनियमवर फिरवला की लोखंडाचे कण त्यात रुततात, पेंट मारल्यावर चकाचक दिसतं, आणि एक पावसाळा गेला की पेंटखाली पांढरे फोड यायला लागतात. आमच्याकडे अशी दुसरीकडून बिघडून आलेली गाडी होती, शेवटी तो पत्रा फेकावाच लागला.

पण तुमचा खरा प्रश्न बॉनेट नाहीये. डाव्या कोपऱ्यावर बसलीय म्हणताय ना, मग बंपर उतरवून बंपरच्या मागची आडवी पट्टी काढायला लावा आणि तिच्या मागे जो डावा रेल, म्हणजे ढाच्याचा लांब तुळईसारखा भाग, सरळ आत जातो तो बघा. रेलला सुरकुती पडलेली असेल, किंवा जोडावरचा सीलर (सांधा बुजवायचा लेप) तडकून मधे केसासारखी रेघ दिसत असेल, तर मार आत गेलाय. मग गाडी जिगवर (ढाचा मोजायच्या चौकटीवर) चढवून पॉइंट मोजायचे, डोळ्याने बघून कुणी ठीक आहे म्हणालं तर ऐकू नका. रेल सरळ असेल तर डोळे झाकून रिपेअर करा. वाकला असेल तर तो ओढून सरळ केलेला मी तरी माझ्या घरच्यांना चालवायला देणार नाही, हाय स्ट्रेंग्थ स्टील आहे ते, गरम करून ओढलं की त्याची ताकद गेली आणि पुढच्या वेळी एअरबॅगचं टायमिंगही चुकू शकतं. रेल बदलता येतो पण त्याला ऑडीने सांगितलेल्या ठिकाणीच कापून जोडावं लागतं, ते करणारे हात कमी आहेत. आणि टीटीचं उत्पादन २०२३ मध्येच बंद झालंय, पार्ट बाहेरून येणार, वाट बघायची तयारी ठेवा.

झेडफोर_ठाणे

ताई म्हणून सांगते, टोटल लॉस घेतलात तर मालकी ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या देऊ नका. माझी बीएमडब्ल्यू झेडफोर पावसात टोटल लॉस झाली तेव्हा मी घाईत मोडकी गाडी घेणाऱ्या खरेदीदाराच्या नावाची जागा रिकामी ठेवून सही केली होती, पैसे वेळेत आले म्हणून विषय संपला असं वाटलं. आठ महिन्यांनी दुसऱ्या राज्यातून माझ्या नावावर ई-चलान यायला लागली, गाडी कुणीतरी दुरुस्त करून पळवत होतं आणि आरसीवर मीच मालक. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं असतं तर नोटीस माझ्या दारात आली असती. आरटीओच्या चार चकरा मारल्या, शेवटी अपघाताची कागदपत्रं आणि कंपनीची सेटलमेंटची मेल दाखवली तेव्हा मार्ग निघाला. खरेदीदाराचं पूर्ण नाव-पत्ता घाला, त्याच्या आयडीची कॉपी घ्या, गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहून पोच घ्या आणि ट्रान्सफर झाली का ते एमपरिवहन ॲपवर दर आठवड्याला बघत राहा. फास्टॅग बंद करायला विसरू नका.

आणि कंपनी अडून बसली तर आधी त्यांच्या तक्रार विभागाला मेल, मग आयआरडीएआयचं तक्रारींचं बीमा भरोसा पोर्टल. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहे, पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात.

घाटवेडा_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार, सही केली नाही. मेल केल्यावर पार्किंगचा विषय वर्कशॉपने स्वतःच सोडून दिला. काल सर्व्हेअर, वर्कशॉपचा माणूस आणि मी तिघांसमोर गाडी उघडली. उजवा हेडलॅम्प रिपेअरमध्ये गेला आणि आकडा साडेतेराच्या खाली आला, मला इतका आनंद झाला की तिथूनच बायकोला फोन लावला. मग भोसरीच्या भाऊंनी सांगितलं तशी आडवी पट्टी काढायला लावली. डाव्या रेलवर बोटभर लांब सुरकुती होती, सीलर तडकलेला. जिगवर मोजलं, ११ मिलिमीटर आत. रेल आणि त्याचं लेबर धरून एस्टिमेट आता १६ च्या वर गेलंय.

रात्रभर विचार केला. मुलगी पुढच्या वर्षी आठ वर्षांची होईल आणि तिला पुढच्या सीटवर बसायची फार हौस आहे. टोटल लॉस घेतोय. ऑफर मेलवर आलीय, आयडीव्ही वजा २ हजार, पूर्ण. फास्टॅग काल बंद केला, डॅशकॅम आणि कागदपत्रं काढून घेतली. ताई, २९-३० वर खरेदीदाराचं नाव आल्याशिवाय सही नाही असं सांगितलंय, तो शुक्रवारी आयडी घेऊन येतोय. पोचपावती कशी लिहिलीत त्याचा मजकूर इथे टाकाल का?